सोपवणे आणि सोडून देणे



मागच्या वर्षी आमच्या इंदूरच्या रविवारच्या सत्संगात मी एक अनुभव सांगितला. माझ्या ताईच्या बाळाला जन्मानंतर तीव्र कावीळ झाली होती, अंगातले रक्त बदलावे लागेल अशी वेळ आली होती आणि आम्हा सर्वांच्या श्रद्धेमुळे बाळ वाचले, असा तो अनुभव. चार मिनिटांत सांगून झाला. सर्वांनी हात जोडले, दोघी-तिघींनी डोळे पुसले. मी खाली बसले तेव्हा मला फार बरे वाटत होते.

तिसऱ्या रांगेच्या कडेला एक काकू बसल्या होत्या. शेजारी चाकाच्या खुर्चीत त्यांचा १४ वर्षांचा मुलगा. दोन्ही कानांत श्रवणयंत्रे, मान एका बाजूला कललेली, हात आपल्याच मर्जीने हलणारे. त्याला मी अनेकदा पाहिले होते. कुणी विनोद केला की सर्वांच्या आधी तोच हसतो, एवढे लक्षात होते. तो असा का आहे, हे मी कधी विचारले नव्हते. प्रसाद वाटताना काकू माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाळाचे कान तपासून घेतलेत का ग? बेरा म्हणतात त्या तपासणीला. घेतले नसतील तर घ्या हं." मी म्हटले, "काकू, तुम्हाला कसं ठाऊक?" त्यांनी मुलाच्या खांद्यावरचा रुमाल नीट केला. "याला तेच झालं होतं."

त्या एवढेच बोलल्या. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. पण घरी येताना माझे ते 'बरे वाटणे' कुठल्या कुठे गेले. आमचे बाळ आमच्या श्रद्धेमुळे वाचले, असे मी भर सभेत सांगितले होते. मग काकूंची श्रद्धा कमी पडली होती का? त्या मी जन्मण्याच्या आधीपासून या सत्संगात येतात.

हा लेख म्हणजे त्या चार मिनिटांत मी जे सांगितले नाही, ते. मी डॉक्टर नाही. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आपल्या संकेतस्थळासाठी हिंदीतून मराठीत भाषांतराची सेवा करते. तेव्हा वैद्यकीय भाग मी डॉक्टरांना विचारून, वाचून, जेवढा समजला तेवढाच लिहिते.

ताई बाळंतपणासाठी आमच्याकडे आली होती. बाळंतपण सुखरूप झाले, मुलगा झाला, दोन दिवसांनी घरी आलो. आजीने तिची लोखंडी पेटी उघडली. त्या पेटीत माझ्या आईच्या वेळची, मग ताईच्या आणि माझ्या वेळची दुपटी होती. जुन्या नऊवारी लुगड्यांची, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. नव्या बाळाला नवे कापड टोचते, जुनेच हवे, हे आपल्या सगळ्यांच्या घरी म्हणतात. आजीने वीस-पंचवीस वर्षे ती जपली होती. पेटी उघडली तसा तो ओळखीचा वास घरभर पसरला आणि मला माझे लहानपण आठवले. हा वास पुढे या गोष्टीत येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

तिसऱ्या दिवशी बाळाचा चेहरा पिवळसर दिसू लागला. आजी म्हणाली, "होतं असं. कोवळ्या उन्हात धरा, दोन दिवसांत उतरेल." शेजारच्या वहिनी म्हणाल्या, आमच्या दोन्ही मुलांना झाली होती. पुण्याहून ताईच्या सासूबाईंनी फोनवर तेच सांगितले. त्या सगळ्यांचे खरेही होते. पूर्ण दिवसांच्या १०० बाळांपैकी सुमारे ६० बाळे पहिल्या आठवड्यात पिवळी दिसतात, लवकर जन्मलेल्यांत तर ८०. रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की त्यातून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. बाळ पोटात असेपर्यंत ते वारेतून आईकडे जाते आणि आईचे यकृत त्याची विल्हेवाट लावते. जन्मल्यावर हे काम बाळाच्या स्वतःच्या यकृतावर येते आणि त्या नवख्या यकृताला ते लगेच जमत नाही. बहुतेक बाळांना चार-आठ दिवसांत जमते. म्हणून बहुतेक आज्या बरोबर ठरतात. आणि बहुतेक वेळा बरोबर ठरणे हीच या दुखण्यातली अडचण आहे.

चौथ्या दिवशी बाळ फारच शांत झाले. पाजायला घेतले की दोन घोट घ्यायचे आणि झोपून जायचे. रडणे जवळजवळ बंद. भेटायला येणारे कौतुक करू लागले, "किती शहाणं बाळ! आईला रात्री झोपू देतं." मीही हेच कौतुक केले. मोबाइलवर त्याच्या झोपेचे फोटो काढले. ते फोटो आता माझ्याने पाहवत नाहीत. ते बाळ शहाणे नव्हते, वाढलेल्या बिलिरुबिनने त्याला गुंगी आली होती. पिवळे झालेले बाळ झोपाळू होणे, त्याने दूध ओढणे कमी करणे, ही धोक्याची खूण आहे, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हते.

त्याच दोन दिवसांत मी एका हिंदी लेखाचे भाषांतर करत होते. विषय समर्पणाचा. त्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होते, 'सब उस पर छोड़ दो'. मी लिहिले, 'सर्व त्याच्यावर सोडून द्या.' संध्याकाळी मजकूर तपासणाऱ्या ताईंचा निरोप आला : 'सोडून द्या' नको, 'सोपवा' करा. मला वाटले, काय फरक पडतो? घाईत होते. शब्द बदलला आणि पाठवून दिला.

ताई त्या दुपारी एकदा म्हणाली होती, "मला काही बरं वाटत नाहीये. दाखवून आणू या का?" आणि मीच, नुकताच तो लेख डोक्यात घोळत असल्यामुळे, मोठ्या शहाणपणाने तिला म्हणाले होते, "ताई, किती काळजी करतेस? देवावर सोड ना." ती गप्प बसली.

वाचकहो, या वाक्यापाशी मला थोडे थांबायचे आहे, कारण तुम्हीही ते कुणाला तरी म्हटले असेल. मी ते वाक्य कुणासाठी बोलले? ताईसाठी असे मला तेव्हा वाटले. आज नीट पाहते तेव्हा दिसते की तिची काळजी मला नकोशी झाली होती. घरात आनंद होता, पेढे वाटून झाले होते, दुसऱ्या दिवशी पाचवीची पूजा होती. तिच्या शंकेने त्यात खोड निघत होती. मी देवाचे नाव घेऊन तिला गप्प केले. धीर दिल्यासारखे दिसले, प्रत्यक्षात मी माझी सोय पाहिली. आईच्या मनाला जे जाणवत होते ते ऐकून घेण्याचे कष्ट मला नको होते.

संध्याकाळी ताईचे यजमान आले. त्यांनी बाळाचे पाय हातात घेतले, तळवे पाहिले आणि म्हणाले, "हे पण पिवळे आहेत." नवजात बाळाची कावीळ डोक्याकडून पायांकडे उतरत जाते; तळहात-तळपाय पिवळे म्हणजे प्रमाण बरेच चढलेले असण्याची शक्यता. त्यांना हे काही ठाऊक नव्हते. फक्त त्यांनी दिवसभराच्या कौतुकानंतर नव्याने पाहिले. अर्ध्या तासात आम्ही रुग्णालयात होतो.

बिलिरुबिन २३.४ आले.

हा आकडा कशाशी तोलायचा ते आम्हाला डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून कळले. पुढचे सगळे वेगाने झाले. बाळाचे कपडे काढून, डोळ्यांवर काळी पट्टी बांधून त्याला वरून आणि खालून निळ्या दिव्यांखाली ठेवले. दर काही तासांनी रक्त तपासायचे आणि आकडा उतरला नाही तर बाळाच्या अंगातले रक्त थोडे थोडे काढून दुसरे भरायचे. त्यासाठी रक्तपेढीला कळवून ठेवले होते. डॉक्टरांनी समजावले, हे पिवळे द्रव्य फार वाढले की रक्तातल्या प्रथिनाला ते सगळे धरून ठेवता येत नाही. मोकळे राहिलेले मेंदूत शिरते आणि मेंदूच्या अगदी आतल्या भागांत साचते. हालचालींचा तोल राखणारे भाग, ऐकण्याची वाट. या इजेला करनिक्टेरस म्हणतात, जर्मन डॉक्टर श्मोर्ल यांनी १९०४ मध्ये दिलेले नाव. झालेली इजा परत भरून येत नाही. आणि ज्या मुलांना ती होते, त्यांची बुद्धी पुष्कळदा चांगली असते. शरीर तेवढे तिचे ऐकत नाही. (विनोदावर सर्वांच्या आधी कोण हसते, ते मी वर लिहिले आहे.)

आजीच्या कोवळ्या उन्हाविषयी इथे दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण त्या रात्री मी मनातल्या मनात तिच्यावर फार चिडले होते आणि ते अन्यायाचे होते. ऊन हा निव्वळ भाबडेपणा नाही. १९५६ साली इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात, रॉचफर्ड येथील रुग्णालयात वॉर्ड नावाच्या एक परिचारिका होत्या. मोकळ्या हवेने बाळांना बरे वाटते या समजुतीने त्या ऊबदार दिवसांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात नेत. एके दिवशी त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडून दाखवले. सगळे अंग फिके झाले होते, आणि चादरीचा कोपरा जिथे पडला होता तेवढा त्रिकोण गडद पिवळा. पुढे तिथल्याच प्रयोगशाळेत उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नळीतले बिलिरुबिनही उतरलेले आढळले आणि १९५८ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी दिव्यांच्या उपचाराचा निबंध छापला. आमचे बाळ ज्या निळ्या दिव्यांखाली पडले होते, त्यांचा उगम त्या अंगणातला. निळा प्रकाश त्वचेतल्या बिलिरुबिनची घडण बदलतो आणि मग ते यकृताच्या खटपटीशिवाय पित्तावाटे आणि लघवीवाटे बाहेर पडू शकते.

म्हणजे ऊन आजीकडेही होते आणि त्या परिचारिकेकडेही. पण वॉर्डबाईंनी बाळाला उन्हात ठेवून मान वळवली नाही. कुठे पिवळे राहिले आहे, कुठे नाही, हे त्यांनी पाहिले आणि दुसऱ्याला बोलावून दाखवले. आम्ही बाळाला सकाळी दहा मिनिटे खिडकीशी धरले आणि आपले कर्तव्य झाले असे मानले. उन्हाची मात्रा मोजता येत नाही, उघडे बाळ गारठते किंवा भाजते, आणि आकडा चढला असेल तर ते ऊन पुरतही नाही. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ऊन दाखवल्याच्या समाधानात पाहणे थांबते.

ऑडिटिंगच्या विषयात आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात की व्हाउचर पाहिल्याशिवाय नोंद खरी धरायची नाही, मग हिशेब लिहिणारा कितीही विश्वासाचा असो. त्यात त्याचा अपमान नसतो. डोळ्यांना दिसणारा पिवळेपणा ही अशीच व्हाउचर नसलेली नोंद आहे. ट्यूबलाइटच्या उजेडात, सावळ्या त्वचेवर, थकलेल्या डोळ्यांना तो कमीच दिसतो. अनुभवी डॉक्टरांचाही नुसत्या नजरेचा अंदाज चुकतो. मी हे तीन परीक्षांत लिहिले आहे आणि घरातल्या एका बाळाच्या बाबतीत मला ते सुचले नाही.

दुसरी रात्र पाचवीची. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी पाचवी किंवा सहावी पुजली जाते. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचे नशीब लिहिते, म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. आजी घरी एकटी होती. तिने रिकाम्या पाळण्यापुढे पूजा मांडली, कागद ठेवला. रुग्णालयात बाळाच्या पायथ्याशी एक तक्ता टांगलेला होता आणि रात्रपाळीची परिचारिका त्यावर आकडे लिहीत होती. रात्री ११ ला २१.८. पहाटे ३ ला १९.२. ताई दर दोन तासांनी उठून दूध काढून देत होती. मी काचेबाहेर उभी राहून त्या तक्त्याकडे पाहत होते आणि मला पहिल्यांदा वाटले की कपाळावर जे लिहिले जाते ते लिहिताना कुणाकुणाचे हात लागत असतील. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : आधार, कर्ता, साधने, निरनिराळ्या हालचाली, आणि पाचवे दैव. ही यादी मी पाठ केली होती, तिच्यातला क्रम मात्र कधी लक्षात आला नव्हता. दैव आहे, नाकारलेले नाही. पण त्याच्या आधी चार जागा आहेत आणि त्या रात्री त्या चारही जागांवर कुणी ना कुणी जागे होते.

रक्त बदलावे लागले नाही. सहाव्या दिवशी दिवे कमी केले. तेव्हा डॉक्टरांनी ताईला विचारले, "घरात डांबरगोळ्या वापरता का? बाळाचे कपडे त्यात ठेवलेले होते का?"

मी वासाचे सांगितले होते, तो हा. बाळाच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचे एन्झाइम कमी असल्याचे निघाले. हा जन्मजात गुण आहे, मुलग्यांत जास्त दिसतो. अशा बाळाच्या तांबड्या पेशी एरवी ठीक असतात, पण काही औषधांनी, आणि डांबरगोळीतल्या नॅप्थलिनने, त्या भराभर फुटतात. नुसत्या वासातून, कपड्यांतूनही. पेशी फुटल्या की बिलिरुबिन चढते. डॉक्टरांनी 'यामुळेच झाले' असे म्हटले नाही, 'यामुळे वाढले असण्याची शक्यता आहे' असे म्हटले. तो फरक आम्ही घरी नीट सांगितला. आजीला तो ऐकूच आला नाही. ती एवढेच म्हणाली, "म्हणजे मीच."

तिने दोन दिवस बाळाला हात लावला नाही. आणि इकडे ताईला कळले की तो गुण आईकडून मुलाकडे जातो, तर ती म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे." एका घरात दोन बायका, दोघींचे त्या बाळावर सगळ्यांत जास्त प्रेम, आणि दोघी आपापल्या कोपऱ्यात आरोपीसारख्या बसलेल्या. भरीला एक दूरच्या नातेवाईक बाई येऊन विचारून गेल्या, गरोदरपणी ग्रहण पाळले होते ना?

आपल्याकडे मूल आजारी पडले की प्रश्न 'कशामुळे' असा न येता 'कुणामुळे' असा येतो. आणि उत्तर बहुधा आईपाशी येऊन थांबते. खाण्यात काय आले, कुठे गेली होती, काय पाहिले. मी त्यावर बराच विचार केला आणि मला एवढे समजले की जबाबदारी आणि दोष या दोन गोष्टी आपण एकाच पिशवीत टाकतो. आजीच्या हातून जे झाले त्याचा परिणाम झाला असेल. तिची जबाबदारी आता अशी की पुढच्या बाळासाठी पेटी वेगळी ठेवायची आणि शेजारणींना सांगायचे. पण दोष द्यायचा तर तिला ठाऊक असायला हवे होते, आणि ठाऊक असून तिने केलेले असायला हवे होते. ताईचे तर त्याहून स्पष्ट. आईबापांकडून काय यावे हे कुणी निवडत नाही. तो 'दोष' मुळात कुठून आला असावा हेही मी वाचले. जगात जिथे हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या माणसे मेली, तिथेच हा गुण जास्त सापडतो, कारण तो हिवतापापासून काहीसे संरक्षण देतो. आमचा कुणी पूर्वज त्यामुळे वाचलाही असेल. हे ताईला सांगितले तेव्हा ती आठवड्यात पहिल्यांदा नीट जेवली.

माझे मात्र वेगळे आहे. मला डांबरगोळीचे माहीत नव्हते, गुंगीचे माहीत नव्हते, तिथे मीही आजीसारखीच. पण ताईने 'दाखवू या' म्हटले होते आणि मी ते ऐकले होते. तिथे अज्ञानाची सबब चालत नाही. मी तिला नंतर क्षमा मागितली. ती म्हणाली, "तू नसतीस म्हणाली तरी मी उद्यावर ढकललंच असतं." हे तिचे मोठेपण. त्याने माझी नोंद पुसली जात नाही.

आता काकूंकडे येते. सत्संगानंतरच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या मुलाचीही सुरुवात अशीच झाली होती. पिवळेपणा, "होतं असं", ऊन. त्यांनी तर दोनदा दाखवलेही होते आणि दोनदा नुसते पाहून परत पाठवले गेले होते. पाचव्या रात्री बाळ चिरक्या आवाजात रडू लागले आणि त्याची पाठ धनुष्यासारखी मागे वळली. मग रक्तही बदलले, पण उशीर झाला होता. त्यांनी कुणाचेही नाव घेतले नाही. मी घाबरत विचारले, "लोक काय म्हणायचे तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "प्रारब्ध म्हणायचे. मी पण म्हणते कधी कधी, रात्री याला कुशीवर वळवताना. मी म्हटलं तर मला बळ येतं. दुसऱ्यानं म्हटलं तर दार तोंडावर लावल्यासारखं वाटतं."

मला वाटते, कर्माच्या सिद्धान्ताविषयी मी जेवढे लेख भाषांतरित केले त्यांत हे कुठे नव्हते. तो सिद्धान्त स्वतःपुरता घेतला तर आधार होतो. दुसऱ्याच्या मुलाकडे बोट दाखवून उच्चारला की त्याचा निवाडा होतो. आणि मी सत्संगात जे म्हटले तो त्याच नाण्याचा उजळ भाग होता. आमचे वाचले ते श्रद्धेने, म्हणजे ज्यांचे नाही वाचले त्यांच्याविषयी मी न बोलता काहीतरी बोलून गेले होते. कृपा मानायला माझी हरकत नाही. मी आजही मानते. पण ती माझ्या खात्यावर जमा दाखवण्याचा मला अधिकार नव्हता.

मी काकूंना अमेरिकेतल्या सू शेरिडन यांच्याविषयी सांगितले. आयडाहो राज्यात राहणाऱ्या या बाईंचा मुलगा कॅल १९९५ साली निरोगी जन्मला. कावीळ सर्वांना दिसत होती, पण वेळेवर रक्त तपासले गेले नाही आणि त्याला करनिक्टेरस झाले. हे इतके दुर्मीळ आहे की आता होतच नाही, असे तेव्हा मानले जाई. मग त्यांना तशाच मुलांच्या दुसऱ्या आया भेटत गेल्या, देशाच्या वेगवेगळ्या टोकांना, प्रत्येकीला आपण एकटीच असे वाटत असलेल्या. त्यांनी पालकांची संघटना उभी केली आणि मागणी एकच धरली, की बाळ घरी जाण्यापूर्वी त्याचे बिलिरुबिन मोजा. तिथल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००१ मध्ये सर्व रुग्णालयांना सावधगिरीची सूचना काढली. २००४ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नियमावली सुधारली आणि २०२२ च्या नियमावलीत तर जन्मानंतर २४ ते ४८ तासांच्या आत प्रत्येक बाळाचे मोजमाप करावे, असेच लिहिले. कॅलला याचा उपयोग नव्हता, त्याची इजा होऊन गेली होती.

काकू ऐकत होत्या. मुलगाही ऐकत होता. तो काहीतरी बोलला, मला समजले नाही, काकूंनी सांगितले : "विचारतोय, तुमचं बाळ आता हसतं का?"

ज्यांच्या घरी बाळ येणार आहे, त्यांच्यासाठी थोडे स्पष्ट लिहिते. पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा दिसला तर तो 'होतं असं' मधला नसतो, लगेच दाखवा. नंतर दिसला तरी एकदा मोजून घ्या. त्वचेवर यंत्र टेकवून किंवा रक्ताच्या काही थेंबांतून ते होते. तिसरा ते पाचवा दिवस सर्वांत जपण्याचा आणि नेमके तेव्हाच आपण घरी आलेलो असतो. बाळ दूध ओढत नसेल, उठवून उठत नसेल, पाय पिवळे दिसत असतील, चिरक्या आवाजात रडत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल, किंवा आधीच्या बाळाला दिव्याखाली ठेवावे लागले असेल, तर ते आठवणीने सांगा. आणि कपड्यांच्या पेटीत डांबरगोळ्या असतील तर ते कपडे बाळाला नकोत. आई 'मला बरं वाटत नाहीये' म्हणाली तर तिला तत्त्वज्ञान सांगू नका, रिक्षा बोलवा.

त्या भाषांतराच्या ताईंना मी नंतर फोन केला. 'सोपवा' का सुचवले, म्हणून. त्या शाळेत मराठी शिकवत. म्हणाल्या, "अगं, सोडून देतो ते आपण हातातून सोडतो. सोपवतो ते कुणाच्या तरी हातात देतो, दोन्ही हातांनी, समोरच्यानं नीट धरलंय ना बघून. लेकीचं सोपवणं आठव." मला आठवले ते वेगळेच. रात्री साडेआठला ताईने बाळाला त्या परिचारिकेच्या हातात दिले तेव्हा तिचे दोन्ही हात खाली होते, परिचारिकेचे वर येईपर्यंत. मग तिने हात काढून घेतले आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. तिने तेव्हा देवाचे नाव घेतले असणार. मला ऐकू आले नाही.

बाळ आता १५ महिन्यांचे आहे. बेरा तपासणी दोनदा झाली, दोन्ही कान ठीक आहेत. त्याला चालवणाऱ्या औषधांची आणि न चालणाऱ्यांची यादी ताईच्या पर्समध्ये असते. काकूंच्या मुलाला मी दर शनिवारी भेटते. मी चाळणी परीक्षेची गणिते घेऊन जाते, तो माझ्या आधी उत्तर काढतो आणि मला ते त्याच्या तोंडून समजून घ्यायला अजून वेळ लागतो.

आजीने पेटी रिकामी केली. दुपटी तीन वेळा धुतली, आठ दिवस गच्चीवर वाळवली. गल्लीत कुणाकडे बाळ होणार असे कळले की ती काठी टेकत जाते, त्यांचे बाळाचे कपडे मागते आणि एकेक नाकाशी धरून पाहते. लोकांना ते विचित्र वाटते. ती कारण सांगत बसत नाही. वास आला तर परत धुवायला टाकते, नाही आला तर घडी करून देते.